दोन नाळींची फळी

अझैबा, मस्कत
शुक्रवार, ६ सप्टेंबर २०२४

प्रिय हसनचाचा,

जय भीम आणि सलाम.

तुमचे कान ग्राइंडरने खाल्ले, फोनवर तुम्ही "काय? काय?" याच्यापुढे जात नाही, म्हणून हे हाताने लिहून पानांचे फोटो पाठवतेय. तुम्हीही तसंच करा. व्हॉइस मेसेज नको. मागच्या वेळी पाच मिनिटांचा पाठवलात, त्यात साडेचार मिनिटं कम्प्रेसर होता.

तुम्हाला माझ्यासाठी एक वस्तू बनवायची आहे. आधी हो म्हणा, मग पुढे वाचा.

म्हणालात? शाब्बास.

मला स्की बनवून हव्यात. बर्फावरून घसरत जायला पायाला बांधतात त्या लांब फळ्या. हसू नका. ओमानमध्ये बर्फ नाही हे मला माहीत आहे, मी इथे सहा वर्षं राहते. पण हिवाळ्यात इथली अर्धी माणसं स्वस्त विमानाने जॉर्जियाला जातात, त्यांच्यात मीही जाते. तिथे गुडाउरी नावाचं गाव आहे, कॉकेशसच्या डोंगरात. दोनदा गेले. तिथे भाड्याने मिळतात त्या स्की माझ्यापेक्षा उंच आणि जड माणसांसाठी असतात. मी चार फूट अकरा इंच. त्या फळ्या मला नेतात, मी त्यांना नेत नाही.

मला हव्यात त्या ऑल-माउंटन ट्विन-टिप. म्हणजे डोंगराच्या सगळ्या भागांवर चालणाऱ्या, कडक बर्फावर, भुसभुशीत बर्फावर, झाडांमधून. आणि दोन्ही टोकं वर वळलेली.

सोहारच्या यार्डात दोन वर्षं मी क्वालिटीला होते आणि तुम्ही थरावर थर चिकटवणाऱ्या लॅमिनेशनचे फोरमन. तुमच्या हातच्या होडीच्या बुडाला माझा हातोडा एकदाही पोकळ वाजला नाही. इथे ऑफिसात बसून मी दिवसभर पाइपांखालच्या आधारांची चित्रं काढते. एक तरी चित्र असं काढावं की ते धावेल, म्हणून चार रात्री जागून हे काढलंय. सोबत जोडलंय.

वजीराचाचींना नमस्कार.

तुमची
श्वेता

*

सोहार
१० सप्टेंबर २०२४

श्वेता पोरी,

सलाम. अल्लाच्या मेहेरबानीने आम्ही दोघं ठीक आहोत.

तुझं चित्र मी आधी उलटं धरलं. मग सुलटं धरलं. काहीच फरक पडला नाही. दोन्ही बाजूंनी सारखंच! तुझी चाची म्हणाली, "केळ्याची साल काढलीय पोरीने."

एकतीस वर्षं मी या मुलुखात फायबरच्या होड्या बनवतो. त्याआधी गावी, साखरतरला, बापाच्या हाताखाली लाकडाच्या. होडीला पुढच्या टोकाला एक नाळ असते, ती वर उचललेली, पाणी कापायला. मागची बाजू सरळ, तिथे मशीन लागतं. तुझ्या फळीला दोन नाळी कशाला? तू नक्की कुठल्या दिशेला जाणार आहेस, ते आधी ठरव.

दुसरं. मधली कंबर बारीक का ठेवलीस? ताकद तर मधेच लागते, तू तिथेच उभी राहणार ना? तिसरं. मधला भाग जमिनीपासून वर उचललेला दाखवलास. चुकून झालं, की मुद्दाम?

सागवान वापरू? माझ्याकडे नौकेच्या डेकचं जुनं सागवान आहे, लोण्यासारखं.

हो म्हटलेलं नाही. फक्त विचारतोय. यार्डात सध्या नवी होडी नाही, नुसत्या दुरुस्त्या. दिवसभर दुसऱ्यांनी पाडलेली भोकं बुजवतो. मालकाला, अर्बाबला, विचारून ठेवलंय, मागची शेड रिकामी आहे. तो म्हणाला, "हसन, स्की? ओमान में? माफी मुश्किल, कोई बात नहीं, बनाओ!" आणि अर्धा तास हसला. व्हॅक्यूम पंप वापर म्हणाला.

तरी हो म्हटलेलं नाही.

हसन होडेकर

*

अझैबा
शनिवार, १४ सप्टेंबर

प्रिय चाचा,

म्हणजे हो. मी ऑफिसच्या पॅन्ट्रीत नाचले. बॉसने बघितलं, मी म्हटलं पाय आखडलाय.

आता तुमचे प्रश्न. दोन नाळी अशासाठी, की मला उलटंही जायचंय. डोंगराकडे तोंड करून, पाठ दरीकडे. गंमत म्हणून जातात लोक, आणि कधी कधी गोल फिरताना नको असतानाही उलटं जायला होतं. तेव्हा मागचं टोक सपाट असेल तर ते बर्फात रुततं आणि माणूस पाठीवर. वर वळलेलं असेल तर तरंगतं.

कंबर बारीक, कारण फळी कुशीवर कलवली की तिची कड गोल कापत जाते. दोन्ही टोकं रुंद, मधे अरुंद, म्हणजे तिच्या कडेतच वळण लपलेलं असतं. मी फक्त कलायचं, वळायचं तिने. टोकाला बारा सेंटिमीटर, कंबरेला पावणेनऊ, मागे टोकापेक्षा अगदी थोडी कमी. ही पावणेनऊची कंबर ठरवायला मला दोन रात्री लागल्या. अजून बारीक केली तर कडक बर्फावर छान चावेल पण भुसभुशीतात बुडेल. अजून रुंद केली तर उलटं. ऑल-माउंटन म्हणजे सगळ्यांशी जमवून घेणारी सून!

मधला बाक मुद्दाम आहे. मी उभी राहिले की माझ्या वजनाने तो सपाट होतो आणि पूर्ण कड बर्फाला टेकते. वजन काढलं की फळी मला वर ढकलते. म्हणूनच सागवान नको, चाचा. फार जड. हलकं लाकूड हवं, पट्ट्या करून उभ्या चिकटवलेलं. मधे, जिथे बूट बसतात तिथे, थोडं चिवट लाकूड, स्क्रू धरायला.

खालून वर मोजायचं तर असं. सगळ्यात खाली घसरायचं प्लास्टिक. त्याच्या भोवती पोलादी कड, दोन्ही टोकांना वळसा घालून. त्यावर रबराची बारीक पट्टी, काचकापड, लाकूड, परत काचकापड आणि वरचं झाकण. सगळं एकदम, एका साच्यात, व्हॅक्यूमखाली. तुम्ही डोळे मिटून करता तेच.

पोलादी कड मी बाहेरून मागवली आहे. यार्डाचा ट्रकवाला ओवेस पुढच्या आठवड्यात ट्रक घेऊन सोहारला येतोय, त्याच्याकडे देते.

श्वेता

*

सोहार
१२ ऑक्टोबर

पोरी,

चुकून विचारलं असतं की कसं चाललंय, तर मी सांगितलं नसतं. तू विचारलं नाहीस म्हणून सांगतो.

साचा झाला. लाकूड मिळालं. चिवटपणासाठी ॲश लाकडाची तुटकी वल्ही होती यार्डात, ती चिरली. हलकं लाकूड फर्निचरवाल्याकडून. पट्ट्या चिकटवून, रंधा मारून, मधे अकरा मिलिमीटर आणि टोकांना दोन. टोकाचा रंधा मारताना माझा श्वास बंद होता. तुझी चाची जेवणाचा डबा घेऊन आली, म्हणाली, "माझ्या बाळंतपणात एवढे घाबरला नव्हतात."

मग पहिली जोडी. ऑक्टोबरात पण शेडमध्ये दुपारी अडतीस डिग्री. चिकटवायची एपॉक्सी कालवली, कापडावर घेतली, तर डब्यातली उरलेली धुमसायला लागली. धूर! अर्बाब धावत आला अग्निशामक घेऊन. मी म्हटलं, "खलास, अर्बाब, आग नाही, गरम झालीय फक्त." डबा वाळूत फेकला. आता पहाटे फजरची नमाज झाली की लगेच काम सुरू करतो आणि डबा बर्फाच्या पाण्यात ठेवून कालवतो. बघ, शेवटी बर्फ लागलाच.

जोडी साच्यातून काढली. काय दिसत होती! मी दोन्ही हातांनी धरून जरा वाकवली, आणि खालचं प्लास्टिक टोकापासून कंबरेपर्यंत पापडासारखं सुटून आलं. यार्डात आपण ट्रेलरला लावतो तेच प्लास्टिक होतं. त्याला काहीच चिकटत नाही, म्हणून तर ते घसरतं, हे मला त्याच क्षणी कळलं. मी एकटाच हसत बसलो. एकतीस वर्षं लॅमिनेशन करणारा माणूस!

उपाय सापडला. चिकटवायच्या बाजूला सँडपेपर, मग टॉर्चची ज्योत झरझर फिरवायची, भाकरी शेकतो तशी, जळता कामा नये. मग एपॉक्सी धरते. नमुने केले, पक्कडीने ओढले, प्लास्टिक फाटलं पण सुटलं नाही.

दुसरी जोडी लावतोय. तू काळजी करू नको. मजबूत करतो.

हसन

*

सोहार
१७ नोव्हेंबर

श्वेता,

दुसरी जोडी तयार. ओवेसच्या ट्रकमध्ये पाठवली आहे. कड चमकते बघ. वाळूवर चाचणी घेतली. चाचणी समाधानकारक.

हसन होडेकर

ता. क. श्वेताबाय, मी वजीरा. पानाचा फोटो मीच काढते, म्हणून खाली जागा होती ती घेतली. ह्यांच्या "समाधानकारक"चं तुला सांगते.

शुक्रवारी अर्बाबचा बिदियाजवळ वाळूत तंबू होता, सगळं कुटुंब आलेलं, आम्हालाही नेलं. ह्यांनी फळ्या गाडीत लपवून घेतल्या होत्या. बूट कुठून आणणार? जुने सेफ्टी शूज घेतले आणि स्क्रूने फळीवर सरळ ठोकून टाकले! सत्तावन्न वर्षांचा माणूस. अर्बाबने पिकअपने वाळूच्या डोंगराच्या माथ्यावर नेऊन सोडलं आणि ओरडला, "यल्ला, हसन!" ह्यांना ऐकू आलं नाही म्हणून त्याने ढकललं.

सुरुवातीला सरळ आले. मग वाळूचा उतार डावीकडे चढला, तसे हेही चढले, थांबले, आणि तसेच उलटे सुटले. पाठ आमच्याकडे. हात दोन्ही बाजूंना, टोपी गेली. मी "या अल्ला" म्हणून डोळे मिटले. उघडले तर हे उलटेच येतायत, पण उभे! थेट स्वैपाकाच्या चटईपर्यंत उभे. तिथे बसले, भाताच्या पातेल्याशेजारी. आणि पहिलं वाक्य काय बोलले माहीत आहे? "वजीरा, मागची नाळ का हवी ते कळलं."

घोटा सुजलाय. मीठ-हळद लावते. तुला सांगू नको म्हणाले.

अजून एक सांगू नको म्हणाले आहेत. एप्रिलमध्ये व्हिसा संपतोय आणि आता वाढवायचा नाही असं ठरलं. आम्ही कायमचे गावी जातोय. तुझं हे काम आल्यापासून माणूस शीळ घालत घरी येतो, ते मला एकतीस वर्षांत माहीत नव्हतं. म्हणून सांगितलं.

*

अझैबा
रविवार, २४ नोव्हेंबर

प्रिय चाचा,

चाचींचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा पलंगावरून खाली पडले. घोटा कसा आहे? आणि एप्रिलचं तुम्ही मला सांगितलं नाहीत. त्याबद्दल भांडण नंतर.

आता आधीचं भांडण.

स्की इतक्या सुंदर आहेत की मी त्या हॉलमध्ये भिंतीला लावून समोर बसून जेवले. मग चाचणी घेतली. दोन्ही टोकं दोन खुर्च्यांवर, मधे पंधरा किलो तांदूळ. मधला भाग पंचवीस मिलिमीटर खाली जायला हवा होता. नऊ गेला. परत मोजला. नऊ.

चाचा, तुम्ही काचकापडाचे थर वाढवलेत. वर दोन, खाली दोन, बरोबर? कडेवरून मोजले मी. चित्रात नव्हते ते.

रागाने लिहायला बसले होते. पण तुम्ही ते का केलंत हे मला कळतं. तुम्हाला वाटलं पोरगी डोंगरावरून येणार, फळी मोडली तर? म्हणून मला एक गोष्ट सांगायला हवी. घरी अकोल्यालासुद्धा सांगितलेली नाही.

फेब्रुवारीत मी काठी घेऊन चालत होते आणि तुम्हाला सगळ्यांना सांगितलं की जिन्यावरून पडले. जिना नव्हता. गुडाउरीत वरच्या लिफ्टजवळ, मोठा उतार, सकाळचा कडक बर्फ. माझ्या पायांत भाड्याच्या स्की होत्या, लांब आणि ताठ. मी वळायला कलले, आणि त्या वाकल्याच नाहीत. माझ्या वजनाला त्यांनी ओळखच दिली नाही. सरळ गेल्या, काठावरून खाली. गुडघ्याचा लिगामेंट गेला. दोन तास मी बर्फात पडून होते आणि वर निळं आकाश होतं, इतकं निळं की मला राग आला.

फळी मोडली नव्हती, चाचा. फळी अगदी मजबूत होती.

तेव्हापासून त्या लिफ्टचा फोटो जरी समोर आला तरी मी फोन पालथा ठेवते. स्वतःच्या स्की बनवायच्या हे खूळ त्यातूनच आलं. मला वाटतं, जी माझं वजन ओळखेल अशी एक फळी मिळाली तर मी परत वर जाईन. नाही मिळाली तर मी पाइपांची चित्रं काढेन, आणि लोकांना सांगेन की मला थंडी सोसत नाही.

मला वाकणारी हवी.

श्वेता

*

सोहार
१ डिसेंबर

श्वेता बेटी,

तुझं पत्र आल्यावर दोन दिवस मी शेडमध्ये गेलो नाही.

थर मीच वाढवले. तुला कळणार नाही असं वाटलं, आणि तुला कळेल हेही माहीत होतं. चित्रात बरोबर लिहिलेलं होतं. मी वाचून बाजूला ठेवलं. आमच्या कामात वाकणारी होडी म्हणजे परत आलेली होडी. गिऱ्हाईक अंगठ्याने दाबून बघतं, दबली की नापास. एवढंच शिकलो मी. माया करायची तर एक थर जास्त टाकायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी गेलो. तांदळाची गोणी घेतली, घरातली, चाचीने आधी भांडण केलं मग स्वतः उचलून आणली. एका थराची एक पट्टी केली, दोन थरांची एक, तीन थरांची एक. खुर्च्यांवर ठेवली, गोणी ठेवली. आणि दाबायच्या ऐवजी हात ठेवून बसलो, कशी खाली जाते, कशी परत येते. कमी थरांची पट्टी गोणी काढल्यावर जी उसळते ना! टप्! चाची म्हणाली, "ही जिवंत आहे, ती दुसरी मेलेली." तिने कधी फायबरला हात लावलेला नाही.

मला तुझं वजन पाठव. खरं. बूट, कपडे, पाठीवरची पिशवी, सगळं धरून.

आणि आईला सांग. जिन्याची गोष्ट फार दिवस टिकत नाही.

हसनचाचा

*

अझैबा
२८ डिसेंबर

प्रिय चाचा, प्रिय चाची,

तिसरी जोडी पोहोचली. पंचवीस! खुर्च्या, तांदूळ, मोजपट्टी, पंचवीस! दुसरी फळी साडेपंचवीस! मी शेजारच्या अमरीनला बोलावून दाखवलं, तिला काही कळलं नाही, तरी ती पण ओरडली. मग आम्ही दोघींनी त्या तांदळाची बिर्याणी केली.

अगदी हलक्या. हातात धरल्या तर वल्ह्यासारख्या वाटतात. बूट अडकवायची बाइंडिंग बसवून घेतली, मध्यबिंदूच्या थोडी मागे, उलटं जायला तोल राहील अशी. ॲशमध्ये स्क्रू असे बसले की बसवणारा फिलिपिनो म्हणाला, "मॅडम, व्हिच कंपनी?" मी म्हटलं, "होडेकर." त्याने फोनवर शोधलं. सापडली नाही. म्हणाला, "व्हेरी एक्सक्लुझिव्ह."

आईला सांगितलं. आधी रडली, मग रागावली, मग विचारलं, "मग आता कुठली स्की घेतेस?" मी फोटो पाठवला. ती वर्गात बाकांची टोकं बघून सांगते सुतार कसा आहे, शाळेत शिकवते ना. म्हणाली, "काम स्वच्छ आहे."

आता ऐका. दहा ते चौदा फेब्रुवारी, रमजानच्या आधी. तुमची दोघांची तिकिटं मी काढलेली आहेत. ओरडू नका, रद्द होत नाहीत. ओमानचा व्हिसा चालू आहे तोवर जॉर्जियाला वेगळा व्हिसा लागत नाही आणि एप्रिलनंतर तुमचा संपतो. तेव्हा आत्ताच.

तुम्ही खाली उभं राहायचं. बाकी काही नको. मला वरून दिसलं पाहिजे की खाली कोणीतरी आहे.

श्वेता

*

सोहार
९ जानेवारी २०२५

पोरी,

ओरडलो. भरपूर ओरडलो. चाची म्हणाली, "एकतीस वर्षांत विमानात बसलात ते कामाला आलात नाहीतर मयताला गेलात. एकदा नुसतं जायला जा." मग बॅग काढली.

प्रश्न आहेत. थंडी किती असते म्हणजे नक्की किती? चाचीने सोहारच्या दुकानातून लोकरीचे सहा मोजे घेतले, ते एकावर एक घालायचे का? बुटात पाय जाईल का? तिथे भात मिळतो? ती सुक्या बोंबलाची चटणी घेऊन येणार आहे, विमानात अडवतात का? बर्फावर नमाज पढली तर गुडघे भिजतात का? अर्बाब म्हणतो तो पण येणार होता पण त्याच्या उंटिणीला दिवस गेलेत.

मी स्की घालणार नाही हे आत्ताच लिहून देतो. चाची तर खोलीतून बाहेरच येणार नाही म्हणते. फक्त मोजे घालून खिडकीतून बघणार.

हसन

*

गुडाउरी, जॉर्जिया
१६ फेब्रुवारी

प्रिय चाचा,

तुम्ही दोघं परत गेलात आणि हॉटेल एकदम मोठं झालं. मी अजून दोन दिवस आहे.

बुधवारी सकाळी वर काय झालं ते मी तुम्हाला सांगितलं नाही. खाली आल्यावर आपण दोघंही एकदम बोलत होतो आणि तुम्हाला तसंही ऐकू येत नव्हतं.

लिफ्टमधून उतरले. तोच उतार. कडक बर्फ, निळं आकाश, अगदी तसंच. लोक शेजारून जात होते, शर्र, शर्र. मी कडेला उभी राहिले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. एका बाईने विचारलं, "ओके?" मी "ओके, ओके" म्हटलं. मग मी ठरवलं की लिफ्टनेच खाली जायचं आणि तुम्हाला सांगायचं की वारा होता.

वळायला म्हणून मी डाव्या पायावर थोडी कलले, एवढंच. आणि फळी वाकली. माझ्या बुटाखाली, मला कळेल इतकी वाकली. कड धरली आणि तिने मला हळूच वळवून घेतलं, आणि वजन काढल्यावर खालून उचललं. म्हणजे मी निघाले होते! ठरवलं नव्हतं. दुसरं वळण घ्यावंच लागलं. मग तिसरं. सातव्या-आठव्या वळणाला मी मोठ्याने ओरडत होते, काय ओरडत होते ते लिहीत नाही, चाची पण वाचतात. कडक बर्फावर चावत होती, सावलीतल्या भुसभुशीतात तरंगत होती. झाडांच्या अलीकडे मी उडी मारून फिरले आणि उलटी सुटले. डोंगर माझ्यासमोरून वर वर जात होता.

मग सुलटं फिरले, आणि खाली चॉकलेटी जाकिटात एक ठिपका हात हलवत होता. शेजारी दुसरा ठिपका दिसायला हवा होता, तो नव्हता. मला वाटलं चाची खिडकीतच आहेत.

तुम्ही गेल्यावर इथल्या एका स्की मास्तराने तुम्ही बनवलेल्या स्की एक तास मागून नेल्या. परत आणल्या आणि त्या उलटसुलट करून नाव शोधत होता. मी मार्करने लिहून दिलं. मराठीत.

श्वेता

*

सोहार
शुक्रवार, २१ फेब्रुवारी

श्वेता बेटी,

आता खाली काय झालं ते तू ऐक, कारण तुला वरून काही दिसलं नसणार.

तू वर गेलीस आणि मी उभा राहिलो. वर मुंग्यांएवढी माणसं. प्रत्येक मुंगी मला तूच वाटायची. दहा मिनिटं झाली, वीस झाली. मला काही ऐकू येत नाही हे तेव्हा बरं वाटलं, नाहीतर प्रत्येक आवाजाला जीव गेला असता. मनात सगळे थर परत मोजले. ज्योत सगळीकडे फिरवली होती ना? मागच्या टोकाला कडेखाली हवेचा बुडबुडा राहिला नाही ना? हजारभर होड्या पाण्यात सोडल्या मी, पण त्यांच्यात बसलेलं कोणी माझं नव्हतं.

मग एक मुंगी वळणं घेत आली. कोण ते मला चेहऱ्यावरून नाही कळलं. फळीवरून कळलं. वळताना ती कशी दबत होती आणि कशी उसळत होती, ते माझ्या हातांना माहीत होतं. मी हात वर केला आणि तुझ्या चाचीला म्हटलं, "वजीरा, बघ, वाकतेय! बघ, किती छान वाकतेय!"

वळून बघितलं तर चाची नाही.

चाची लहान मुलांच्या उतारावर होती. मोजे घालून खिडकीतून बघणारी! खोलीत कंटाळा आला म्हणून खाली माझ्याशेजारी येऊन उभी राहिली, मी वर बघत असताना तिकडे सरकली, तिथे एका जॉर्जियन पोरीने हाताला धरलं, भाड्याचे बूट चढवले, भाड्याच्या फळ्या बांधल्या, आणि सोडून दिलं. तू खाली आलीस आणि माझ्या गळ्यात पडलीस ना, तेव्हा ती आपल्या मागून गेली. नमाजची ओढणी, वर माझी टोपी, हात पुढे, तोंडाने "बाजूला व्हा, बाजूला व्हा" मराठीतून. पाच-सहा वर्षांची गोरी पोरं दोन्हीकडे पळाली. ती कुंपणाला जाऊन थांबली, बर्फ झटकला आणि परत वर चालायला लागली. पुढच्या दोन दिवसांत तिने तीन वेळा शिकवणी घेतली, आम्ही दोघांनी तुझ्यापासून लपवून. तू वर असायचीस तेव्हा ती खाली असायची. तुला येऊन दाखवायचं होतं, पण नीट थांबता येईपर्यंत नाही, म्हणे.

मी पण घातल्या. एकदा. त्याविषयी लिहीत नाही.

आता कामाचं. भाड्याच्या फळ्या तिला आवडल्या नाहीत. "त्या माझं ऐकत नाहीत" असं तिने मला विमानात सांगितलं, आणि मस्कतला उतरेपर्यंत तेच सांगत राहिली. साचा मी तोडणार होतो, आता कार्गोने गावी पाठवतोय. अर्बाबने व्हॅक्यूम पंप त्यातच ठेवला, म्हणाला, "घेऊन जा, हसन, यहाँ तेरे बिना कौन चलायेगा." साखरतरच्या किनाऱ्यावर स्की बनतील, लोक काय म्हणायचं ते म्हणोत. दर हिवाळ्याला थोडी थोडी पुंजी बाजूला टाकू, जॉर्जिया नाही तर काश्मीर, तिथे तर आपल्याला व्हिसाच नको.

तेव्हा चित्र लवकर पाठव. उंची पाच फूट एक इंच. कंबर फळीची तुला योग्य वाटेल ती. दोन्ही टोकं वर, कारण ती उलटी जाणारच, तिला अडवणारा मी कोण. लाकडासाठी ॲश उरलंय.

वजन मात्र सांगत नाही म्हणते. वजनाशिवाय थर किती घालायचे ते ठरत नाही, हे मी तिला समजावलं. तांदळाच्या गोणीशी तुलना करून समजावलं, त्यामुळे दोन दिवस घरात बोलणं बंद आहे. तूच तिला फोन करून विचार. ती तुला सांगेल. मला सांगू नकोस, फक्त थर लिहून पाठव.

तुझा
हसनचाचा